कोंबडीच्या खाद्यात अळीचे प्रथिन : कितपत खरे, कितपत परवडणारे?



ऊस विकास विभागाच्या पानावर बेणेप्रक्रिया, खोडवा आणि ठिबक सोडून कोंबडीखाद्याचा विषय आलेला पाहून काहींना नवल वाटेल. पण गेल्या पावसाळ्यापासून केनवड गटात बांधावर गेलो की उसाच्या गोष्टी संपल्यावर हमखास एक प्रश्न येतो. "साहेब, अळ्या पाळून कोंबड्यायले चारल्या तर ढेप घ्यावी लागत नाही म्हणतात, खरं हाय काय?" कोणी मोबाईलवरचे चित्र दाखवतो, कोणाकडे छापील पत्रक असते. एक-दोन ठिकाणी तर 'अळी आम्ही विकत घेऊ, तुम्ही फक्त शेड बांधा' असा निरोपही पोचला आहे. पैसा गुंतवण्याआधी सभासदांनी हा विषय मुळापासून समजून घ्यावा, म्हणून हा पाठ.

आधी कोंबडीला प्रथिन का लागते ते पाहू. साठ ग्रॅम वजनाच्या अंड्यात सहा-सात ग्रॅम प्रथिन असते. रोज नाही तरी दिवसाआड कोंबडीला तेवढे शरीरातून काढून द्यावे लागते. शिवाय पिसे, मांस आणि रोगाशी झुंज यांनाही प्रथिनच लागते. मक्यात ते आठ-नऊ टक्के, ज्वारीत साधारण दहा टक्के. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात मात्र ते सोळा ते अठरा टक्के असावे लागते. ही तूट सोयापेंड भरून काढते, कारण तिच्यात पंचेचाळीस टक्क्यांच्या वर प्रथिन असते. मासळीच्या भुकटीतही ते भरपूर असते, पण आपल्याकडे येईपर्यंत तीत वाळू किती, मीठ किती आणि मासळी किती, हे देवच जाणे. कुक्कुटपालनाच्या एकूण खर्चात साठ-सत्तर टक्के खर्च खाद्याचा असतो, आणि खाद्यात प्रथिन देणारा घटक सर्वांत महाग. म्हणून सगळ्यांचे डोळे त्याच्यावर.

या भावाची चढउतार आपण २०२१ साली पाहिली. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले. कोंबडीवाल्यांनी ओरड केली. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली आणि नवे सोयाबीन बाजारात येईपर्यंत भाव खाली आले. आपल्या वाशीम जिल्ह्यात हे दुखणे दुहेरी आहे. ज्या सभासदाच्या चार एकरांत सोयाबीन आहे, त्याच्याच परसात कोंबड्या आहेत. सोयाबीन चढले की एक खिसा भरतो, दुसरा रिकामा होतो. म्हणून 'सोयापेंडेला पर्याय' असे कोणी म्हटले की आनंद मानावा की धास्ती घ्यावी, हा प्रश्न काही सभासदांनी आम्हाला सरळ विचारला. धास्तीचे कारण आज तरी नाही. देशभरच्या कोंबड्यांना जेवढी पेंड लागते, तिच्यापुढे अळीचे प्रमाण नगण्य आहे. प्रश्न आपल्या परसातल्या कोंबड्यांचा आहे.

आता अळीकडे वळू. कोंबडी किडे खाते, यात नवे काहीच नाही. उकिरडा उकरणारी कोंबडी दाणे वेचत नसते, किडे शोधत असते. उधईचे ढेकूळ आणून पिलांपुढे फोडणाऱ्या आजीबाई आपल्याकडे अजून आहेत. पश्चिम आफ्रिकेत टोगो, बुर्किना फासो या देशांत शेतकरी शेण-काडीकचरा भरलेले मडके जमिनीवर पालथे ठेवतात, त्यात उधई चढली की पिलांना झटकून घालतात. नवे आहे ते एवढेच की एका विशिष्ट माशीची अळी ठरवून, मोजून पाळायची.

तिचे नाव काळी सैनिक माशी. इंग्रजीत ब्लॅक सोल्जर फ्लाय. मूळची अमेरिका खंडातली, पण आता सगळ्या उष्ण मुलखात पसरली आहे आणि आपल्याकडेही आहे. ज्यांच्याकडे गांडूळखताचे बेड आहेत त्यांनी ती नक्की पाहिली असणार. बेडमध्ये ओला कचरा जास्त झाला की चपट्या, कड्याकड्यांच्या, मळकट पांढऱ्या आणि मोठ्या झाल्या की काळपट होणाऱ्या अळ्या दिसतात. सभासद घाबरून विचारतात, "ह्या गांडुळं खातात काय?" गांडुळे खात नाहीत. पण गांडुळांचे अन्न फस्त करतात आणि बेड गरम करतात, म्हणून त्या बेडमध्ये नकोच. त्याच अळ्या कोंबडीसाठी कामाच्या.

ही माशी घरमाशीची सख्खी बहीण समजू नये. बोटाच्या पेराएवढी, काळी, लांबट, दिसायला गांधीलमाशीसारखी, पण डंख नाही. मोठी झाल्यावर ती अन्न खात नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर आठ-दहा दिवस जगते, पाणी पिते, जोडी जमवते, अंडी घालते आणि मरते. त्यामुळे ती ताटावर येऊन बसत नाही. मादी एका वेळी पाचशेच्या आसपास अंडी घालते, तीही कचऱ्यात नव्हे, कचऱ्याजवळच्या कोरड्या फटीत. चारेक दिवसांत अळी बाहेर येते. चांगले खायला आणि ऊब मिळाली तर दोन ते अडीच आठवड्यांत ती पुरी वाढते. मग काळी पडते, खाणे सोडते आणि कोरडी जागा शोधत आपणहून वर चढू लागते. या सवयीचा पाळणाऱ्याला मोठा उपयोग होतो. टोपलीला उतरती फळी लावली की काळ्या अळ्या स्वतःच चढून पलीकडच्या डब्यात पडतात. पुढे दोनेक आठवडे कोशावस्था, मग पुन्हा माशी. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत एक फेरा पुरा.

कोंबडीला ही अळी घालून पाहण्याचा प्रयोगही आजकालचा नाही. अमेरिकेतल्या हेल नावाच्या शास्त्रज्ञाने वाळवलेल्या अळीचे पीठ कोंबडीच्या पिलांना चारून पाहिल्याचा अहवाल १९७३ साली छापला. त्याच देशात जॉर्जिया राज्यात शेपर्ड यांनी पिंजऱ्याखालच्या विष्ठेत ही अळी वाढली की घरमाशी कमी होते, हे १९८० च्या दशकात मांडले. पुढे २०१३ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने कीटकांच्या आहारावर मोठा अहवाल काढला, तेव्हापासून या विषयाचा बोलबाला झाला. युरोपात गाईंच्या मेंदूरोगानंतर प्राणिज प्रथिन जनावरांना चारायला बंदी होती. तिथे कीटकांचे प्रथिन २०१७ मध्ये माशांच्या खाद्यात आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कोंबडी व डुकरांच्या खाद्यात चालू केले. पण एक अट घातली, ती आपण ध्यानात ठेवावी. ज्या अळ्या खाद्यात जाणार त्यांना हॉटेल-खानावळीचे उष्टे, मांसमच्छी किंवा विष्ठा चारायची नाही. अळीला आपण काय चारतो तेच फिरून अंड्यात येणार, हा त्यामागचा विचार.

अळीत असते काय? पूर्ण वाळवलेल्या अळीत साधारण चाळीस टक्के प्रथिन आणि तीस टक्क्यांच्या आसपास चरबी. चरबीचा आकडा कचऱ्याप्रमाणे बराच हलतो. कॅल्शियम चांगले असते. आता पत्रकवाले हा चाळीस-पंचेचाळीसचा आकडा ठळक छापतात, त्यातली मेख समजून घ्या. प्रयोगशाळेत प्रथिन थेट मोजत नाहीत. नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. अळीच्या कातडीत कायटिन नावाचा कडक पदार्थ असतो, त्यातही नत्र असते, पण ते प्रथिन नव्हे आणि कोंबडीला ते फारसे पचत नाही. त्यामुळे कागदावरचे चाळीस पोटात चाळीस नसते, काहीसे कमीच भरते. युरिया टाकलेल्या दुधासारखी ही लबाडी नाही, मोजण्याच्या पद्धतीचा दोष आहे. पण हिशेब करताना धरला पाहिजे. दुसरे, चरबी जास्त असल्याने वाळवलेली अळी नीट झाकून न ठेवल्यास महिना-दोन महिन्यांत खवट होते आणि खवट खाद्याला कोंबडी तोंड लावत नाही.

आता हिशेब करू. इथेच बहुतेक पत्रके गप्प बसतात.

समजा एखाद्या सभासदाकडे शंभर अंड्यावरच्या कोंबड्या आहेत. एक कोंबडी रोज ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. शंभर कोंबड्यांना रोज साडेअकरा किलो धरा. त्यात सोयापेंड अडीच किलोच्या आसपास जाते. पेंड निम्मी करायची, म्हणजे सव्वा किलो कमी करायची ठरवले तर पाऊणेसहाशे ग्रॅम प्रथिन अळीतून आणावे लागेल. त्यासाठी वाळवलेली अळी जवळजवळ दीड किलो हवी. ओल्या अळीत पाणी साठ-सत्तर टक्के, म्हणजे ओली अळी रोज चार-साडेचार किलो. एक अळी पाव ग्रॅमही भरत नाही, तेव्हा रोज वीस-पंचवीस हजार अळ्या झाल्या. आणि त्या वाढवायला ओला कचरा किती? चांगली निगा असेल तर शंभर किलो ओल्या कचऱ्यातून पंधरा-वीस किलो ओली अळी निघते, घरगुती पद्धतीत दहा किलो मिळाली तरी बरे. म्हणजे रोज पंचवीस ते पंचेचाळीस किलो ओला, सडका, पण विषारी नसलेला कचरा पाहिजे. रोज, पाऊस असो की लग्नसराई.

केनवडमध्ये एका घरी एवढा कचरा निघतो का? पाच-सहा माणसांच्या घरात भाजीची देठे, साली, शिळे अन्न मिळून किलोभर निघाले तर डोक्यावरून पाणी, आणि त्यातलेही चांगले ते म्हशीच्या पाटीत जाते. आठवडी बाजाराच्या दिवशी खराब टमाटे, कोबीची पाने, केळी मिळतात, पण ती आठवड्यातून एकदा. पुण्या-मुंबईच्या जवळपास ज्यांना भाजीमंडईचा कचरा फुकट दारात येतो, त्यांचा धंदा वेगळा आणि आपला वेगळा. तिकडचे आकडे इकडे लावून चालणार नाही.

मग काही सभासद म्हणतात, आपल्या कारखान्याचा बगॅस आहे, प्रेसमड आहे, उसाचे पाचट आहे, हे का चारू नये? बगॅस आणि पाचट म्हणजे नुसती काडी. ही अळी मऊ, ओले, सडते अन्न खाते, काडी पचवण्याचे सामर्थ्य तिच्यात फारसे नाही. बगॅसचा उपयोग एकच, कचरा फार पातळ झाला तर ओल शोषायला मूठ-दोन मुठी मिसळावा. प्रेसमडमध्ये थोडी साखर असते, पण मेण आणि काडीही असते, आणि ताज्या प्रेसमडचा ढीग इतका तापतो की अळी त्यात शिजून निघेल. तो कंपोस्टसाठीच उत्तम, उसाला त्याचा फायदा आपण दरवर्षी पाहतो. मोलॅसिस मात्र थोडा कामाचा आहे. गव्हाच्या कोंड्यात पाणी आणि चमचाभर मोलॅसिस घालून दोन दिवस आंबवले की त्या वासाला माशी येते.

मग हा उद्योग कोणी करावा? आमच्या मते ज्यांच्याकडे परसात दहा-पंधरा कोंबड्या आहेत, त्यांनी करावा. गावरान असोत, नाहीतर वनराजा, गिरिराज, ग्रामप्रिया असोत. या कोंबड्यांना आपण ज्वारी-गहू टाकतो, म्हणजे पोट भरते, पण प्रथिन त्यांनी स्वतः हुडकायचे असते. पावसाळ्यात किडे मिळतात. होळीनंतर जमीन भाजली की काही मिळत नाही आणि अंडी घटतात. बारा कोंबड्यांना माणशी, म्हणजे कोंबडीशी म्हणू, पंचवीस ग्रॅम ओली अळी दिली तर रोज तीनशे ग्रॅम लागेल. तेवढ्याला दोन-तीन किलो ओला कचरा पुरतो. आपले आणि शेजारच्या दोन घरांचे मिळून तेवढे जमते. यातून प्रत्येक कोंबडीला तीनेक ग्रॅम प्रथिन जास्त मिळते. ऐकायला थोडे वाटते, पण नुसत्या ज्वारीवरच्या कोंबडीला तेवढ्यानेही फरक पडतो. हे काम घरच्या बायाच करतात आणि अंड्यांचे पैसेही बहुतेक घरी त्यांच्याच हातात राहतात, म्हणून या लेखाचे वाचन घरात मोठ्याने व्हावे अशी आमची विनंती.

करण्याची रीत साधी आहे. पसरट प्लॅस्टिकचे टब किंवा जुनी घमेली दोन घ्यावीत. छपराखाली, उन्हापावसापासून दूर, पण उजेडाच्या जवळ ठेवावीत. पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, नाहीतर मुंग्या एका रात्रीत सगळे साफ करतात. आंबवलेला कोंडा तळाला घालून वर पुठ्ठ्याच्या खोक्याचे नळीदार तुकडे टांगावेत, माशी त्या नळ्यांत अंडी घालते. कचरा बारीक चिरून, चार बोटांपेक्षा जाड थर न करता घालावा. मुठीत दाबला तर दोन-चार थेंब यावेत एवढीच ओल. पाणी साचले तर अळी वर येऊन पळते आणि दुर्गंधी सुटते. दुर्गंधी सुटली म्हणजे खाणे जास्त आणि अळ्या कमी, असे समजून दोन दिवस काही घालू नये. पांढऱ्या मोठ्या अळ्या कोंबड्यांना, आणि काळ्या झालेल्या चौथाई अळ्या पुढच्या पिढीला ठेवाव्यात. सगळ्याच काळ्या चारल्या तर बी संपले.

आपल्या हवामानाचे दोन मोसम अडचणीचे. पौष-माघात रात्री गारठा पडतो, माशी जोडी जमवत नाही आणि अळी सुस्तावते. तिला सत्तावीस-तीस अंशांची ऊब आवडते. वैशाखात पारा बेचाळीसच्या वर गेला की टब तापतो आणि अळ्या मरतात. तेव्हा ओले पोते झाकावे, जागा बदलावी. खरा सुगीचा काळ मृगापासून दिवाळीपर्यंत. म्हणजे ज्या चैत्र-वैशाखात कोंबडीला गरज जास्त, त्याच वेळी अळी कमी. म्हणून पावसाळ्यात जास्तीची अळी निघेल ती उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून, दोन-तीन कडक उन्हे देऊन, कुरकुरीत झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. पावसाळ्यात ऊन कुठले, हा प्रश्न आहेच. उघडीप पाहून करावे लागेल, किंवा चुलीच्या वैलावर तव्यात मंद भाजावी.

आता धोक्याचे सांगतो, हे मात्र लक्षपूर्वक वाचावे.

मेलेली कोंबडी किंवा कुत्रे सडू देऊन त्यातल्या अळ्या कोंबड्यांना चारण्याची युक्ती काही जण सांगतात. ती कदापि करू नये. सडक्या मांसात बोट्युलिझमचे विष तयार होते. अळीला त्याने काही होत नाही, पण ती अळी खाल्लेल्या कोंबडीची मान लुळी पडते, पंख लोंबतात, पाय जातात आणि एक-दोन दिवसांत कोंबडी मरते. घरी करता येण्यासारखा इलाज नाही. मेलेला पक्षी चुना टाकून खोल पुरावा. उकिरड्यावरच्या घरमाशीच्या अळ्याही नकोत. घरमाशी, शेणातले भुंगे आणि मुंग्या यांच्या पोटातून कोंबडीला पट्टकृमी लागतो. काळ्या सैनिक माशीची अळीही शक्यतो उकळत्या पाण्यातून काढूनच द्यावी आणि जंताचे औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर पाजावे. फवारणी केलेली वांगी-टमाटे, बुरशीचा मका, कारखान्याच्या गटारातला गाळ, बॅटरी-रंगाच्या दुकानाजवळचा कचरा टबात नको. कॅडमियमसारखा जड धातू या अळीच्या अंगात साठतो. अंड्याच्या टरफलासाठी शिंपल्याचा चुरा बंद करू नये, अळीतले कॅल्शियम तेवढे पुरत नाही. दोन आठवड्यांखालच्या पिलांना अखंड मोठी अळी देऊ नये, चुरून द्यावी. आणि ज्यांचे ब्रॉयलर शेड कंपनीशी करारावर आहे, त्यांनी कंपनीच्या खाद्यात स्वतःच्या मनाने काही मिसळू नये. पक्षी कंपनीचा, खाद्य कंपनीचे, वजन घटले तर भांडण तुमचे.

ऊस विकास विभागाला या विषयात खरा रस आहे तो वेगळ्याच अळीमुळे. ती म्हणजे हुमणी. काळी माशी पाळावी लागते, हुमणी न बोलावता येते. २०१८ च्या पावसाळ्यात सोलापूर, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि पुणे जिल्ह्यांत पावसाच्या ताणाबरोबर हुमणीने उसाचे केवढे नुकसान केले ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्याकडे ऊस, हळद आणि सोयाबीन तिन्हींची मुळे ती खाते. वर्षाला तिची एकच पिढी होते. वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर दिवेलागणीला भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर बसतात. मादी जमिनीत पन्नास-साठ अंडी घालते. चंद्रकोरीसारखी वाकलेली पांढरी अळी पुढे पाच-सहा महिने मुळांवर जगते. म्हणून एक मादी पहिल्या आठवड्यात पकडली तर पन्नास अळ्या वाचल्या. यासाठीच साखर कारखाने भुंगेरे गोळा करण्याच्या मोहिमा घेतात. संध्याकाळी साडेसात-आठला झाडाखाली ताडपत्री अंथरून फांद्या हलवायच्या, भुंगेरे टपटप पडतात. शेजारी दिवा लावला की आणखी येतात.

आजवर आपण ते रॉकेलच्या पाण्यात टाकून मारत आलो. कोंबडीला चारायचे असतील तर रॉकेल नको. साध्या उकळत्या पाण्यात टाकावेत, पंख-पाय कडक असतात म्हणून वाळवून कुटावेत आणि खाद्यात मूठभर मिसळावेत. झाडावर कीटकनाशक फवारले असेल तर ते भुंगेरे फक्त पुरण्याच्या लायकीचे. ऊस तुटून गेल्यावर खोडवा ठेवायचा नसेल तर खोल नांगरट करावी आणि नांगरामागे कोंबड्या सोडाव्यात. बगळे, कावळे, साळुंक्या न बोलावता येतातच, मग घरच्या कोंबड्यांनी का मागे राहावे? फक्त त्या रानात हुमणीसाठी औषध जमिनीतून दिलेले नसावे. जुन्या सवयीने काही जण अजून थिमेटची आठवण काढतात. त्यातल्या फोरेट या औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. घरात जुना डबा उरला असेल तर कोंबड्यांच्या आणि मुलांच्या वाऱ्यालाही ठेवू नये. क्लोरपायरीफॉस, फिप्रोनिल सोडलेल्या रानातही कोंबड्या नेऊ नयेत. मेटारायझियम बुरशी वापरणाऱ्यांना ही अडचण येत नाही, हा तिचा एक जादा फायदा.

आता त्या पत्रकांविषयी. 'शेड बांधा, यंत्र घ्या, अंडी आमच्याकडून घ्या, वाळलेली अळी आम्ही ठरल्या भावाने उचलू' असे कोणी सांगितले तर आम्ही सरसकट लबाड म्हणत नाही. पण २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबडीच्या नावावर अशाच उचल-करारात हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले, त्याआधी इमूच्या पक्ष्याने कित्येकांना बुडवले. त्या दोन्ही धंद्यांत सुरुवातीचा नफा पक्षी विकून नव्हे, नव्या गुंतवणूकदाराला पिले विकून होत होता. म्हणून अळीवाल्याला तीनच गोष्टी विचाराव्यात. अळीचा शेवटचा गिऱ्हाईक कोण, खाद्य कारखाना की दुसरा अळी पाळणारा? उचलण्याचा भाव आणि मुदत सही-शिक्क्याच्या कागदावर आहे का? आणि उन्हाळ्यात रोजचा क्विंटलभर ओला कचरा कोण पुरवणार? तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळला तर चहा पाजून वाटेला लावावे. सोसायटीचे पीककर्ज उसाला काढलेले आहे, ते या कामाला वळवू नये.

टबात तळाला उरते ती काळपट, भुरभुरीत चोथा-विष्ठा. ती चांगले खत आहे, पण कच्चीच पिकाला दिल्यास रोपे पिवळी पडतात. महिनाभर शेणखताच्या ढिगात मुरवून मग उसाच्या सरीत किंवा भाजीच्या वाफ्यात द्यावी.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी एकदम सगळ्या कोंबड्यांना सुरू करू नये. सारख्या वयाच्या सहा-सहा कोंबड्यांचे दोन गट करावेत. एकाला नेहमीचे दाणे, दुसऱ्याला तेच दाणे आणि रोज मूठभर अळी. दोन महिने भिंतीवरच्या कालनिर्णयात रोजची अंडी मांडावीत, वरच्या कोपऱ्यात पहिल्या गटाची, खालच्या कोपऱ्यात दुसऱ्याची. कोंबडी आजारी पडली, खुडूक बसली तर तेही लिहावे. कोंबडीच्या आजाराची किंवा खाद्याची शंका असेल तर करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेत विचारणा करावी. आकडे घेऊन केनवड गट ऑफिसात चिटबॉयकडे चिठ्ठी दिली तरी चालेल, आम्ही पाळीपाळीने पाहायला येऊ. पुठ्ठ्यात अंडी न दिसल्यास आठवडाभर वाट पाहून कोंडा नव्याने आंबवावा.